मशीनवाली मावशी

मशीनवाली मावशी कुठल्याही मशीनला आधी कान लावायची. अडकलेल्या मशीनला लोक धपाटे घालतात, ते तिला सहन व्हायचं नाही. "मारू नका. आत काय अडकलंय ते ऐका तरी," म्हणायची, आणि दोन मिनिटांत नाणं खाली पडल्याचा आवाज यायचा. पालमच्या आमच्या मुलींच्या शाळेत ती शिपाई होती आणि मी विज्ञानाची शिक्षिका. मुली मला घाबरायच्या आणि तिच्या गळ्यात पडायच्या. हे मला कधीच आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

मशीन तिच्या वाट्याला लग्नातच आलं होतं. तिचा नवरा एसटी स्टँडवर वजनाचं मशीन चालवायचा. वर उभं राहून नाणं टाकलं की लाल-हिरवे दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. नवरा गेल्यावर ते तिनं चालवलं. लोकांनी वजन करणं सोडलं तेव्हा नाण्याचा लाल फोन घेतला. मोबाईल आले आणि तोही मुका झाला. मग काही दिवस ती शुद्ध पाण्याच्या मशीनवर बसली. शेवटी शाळेत आली, आणि तिच्यामागोमाग शाळेत पॅडचं मशीन आलं. नाणं टाका, खटका ओढा, पॅड बाहेर.

कागदावर त्या मशीनची जबाबदारी माझी होती. फळ्यावर आकृती काढून पाळी म्हणजे काय, हे मीच शिकवायची. पण वेळ आली की मुली माझ्यासमोरून गुपचूप मावशीकडे जायच्या. एकदा मी विचारलंच, "तुमच्यात असं काय आहे हो?"

"माझ्यात काय न्हाई बाई. मशीन इचारत न्हाई ना, कुणाची पोर, कवा आली, घरून का आणलं न्हाई. मी बी इचारीत न्हाई."

माझी मुलगी तेव्हा सातवीत, याच शाळेत होती. एका संध्याकाळी तिच्या दप्तरात मला पॅड सापडलं. पहिली पाळी येऊन तीन दिवस झाले होते, आणि ती मावशीकडे गेली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तू आधी रागावतेस, मग ऐकतेस."

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडून मशीनची चावी मागून घेतली. नियमाचं कारण पुढं केलं. तिनं कमरेची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "भरताना हात जपा. आतला पत्रा लागतो."

पंधरवड्यातच मशीन अडकलं. चावी माझ्या पर्समध्ये, आणि मी परभणीला प्रशिक्षणाला. नववीतली एक मुलगी ओढणी कमरेला गुंडाळून भर बाजारातून चालत घरी गेली. चार दिवस शाळेकडे फिरकली नाही. मावशीच तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आली. मला ती एका शब्दानं बोलली नाही. मी चावी परत दिली तेव्हा माझ्या बोटावरच्या पट्टीकडे बघून म्हणाली, "लागला ना पत्रा?"

पुढं नवं मशीन आलं, मोबाईलनं स्कॅन करायचं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मावशी मशीनकडे बघून म्हणाली, "मशीन लय हुशार झालं. पर शाळेत पोरींकडं फोन कुठाय?" आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मशीनखाली बिस्किटांचा एक जुना डबा दिसू लागला. पॅडनं भरलेला, झाकण उघडं. मी पुन्हा जळले. निदान हे तरी मला सुचायला हवं होतं.

निवृत्त होऊन ती येलदरीला भावाकडे निघाली, तेव्हा मी तिला गाडीत बसवायला गेले. खिडकीपाशी उभी राहून एकदाचं बोलून टाकलं, "मावशी, मला तुमचा फार हेवा वाटायचा."

"ठाव हाय की. चावी मागितली तवाच कळलं."

"मग दिलीत कशाला?"

"तुमी रडायच्या बेतात होत्या, बाई."

माझी मुलगी आता नांदेडला शिकते. तिचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला.

"पोरगी पास झाली बाई. लय चांगले मार्क पडले. आता ती तुमाला फोन करायलीय. पहिल्यांदाच ऐकल्यावानी करा."

फोन ठेवला तोच मुलीचा आला. "आई, ओळख बघू!" ती म्हणाली.

"मला कसं कळणार?" मी म्हणाले. "सांग ना."