मोबाइलवर तपासलेली माणसं

डॉक्टरांकडे दोन तऱ्हेचे किस्से साठतात. पेशंटवर हसायचे ते आम्ही पार्टीत सांगतो, स्वतःची लाज काढणारे गिळून टाकतो. सोलापुरात बसून मोबाइलवर खेडोपाडीचे पेशंट तपासायला लागल्यापासून माझा दुसरा साठा फारच वाढलाय. आज तोच उघडतो.

*

कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीच्या एक बाई व्हिडिओवर आल्या. चेहरा पांढराफटक! मी घाईघाईत रक्तवाढीच्या गोळ्या सांगून मोकळा. शेजारी मोबाइल धरून बसलेल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, हळूच म्हणाल्या, "सर, पावडर हाय ती. डॉक्टरसमोर यायचं म्हणून लावलीय की."

बाईंची कंबर दुखत होती. मी विचारलंच नव्हतं.

*

तिथल्याच एक आजी कन्नडमध्ये पाच मिनिटं बोलल्या. मला कन्नड येत नाही. आशाताईंनी भाषांतर केलं, "पोट दुखतंय."

"एवढंच?"

"बाकी घरचं सांगत हुत्या, सर."

मी पोटाची गोळी दिली. पुढच्या आठवड्यात कळलं, सून माहेरी गेल्यापासून आजी धड जेवतच नव्हत्या. ते त्या पाच मिनिटांत सांगून झालं होतं.

*

एकदा दुपारी सडकून भूक लागली होती. समोर एक बाई व्हिडिओवर. "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" करत मी कॉल कट करायच्या बेतात होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला तुमी झ्याक दिसताय की. डबा उघडलाय न्हवं? खाऊन घ्या. मी थांबते."

आणि खरंच थांबल्या. मी डबा झाकला आणि विचारलं, "बोला, काय होतंय?"

*

उजनीकाठच्या एका गावातले तात्या, हृदयाचे पेशंट. दर पंधरवड्याला साधा फोन करायचे. पहिल्यांदा आवाज तुटला तेव्हा मी खेकसलो होतो, "रेंजमध्ये येऊन बोलत जा!" तेव्हापासून आवाज स्वच्छ, पण धाप मात्र जोरात. मी दोनदा गोळी वाढवली. धाप काही हटेना.

परवा फोनवर वारा फार घोंघावत होता. मी विचारलं, "तात्या, घरात बसल्यावरही धाप लागते का?"

"घरात कुटं लागतीया? फोन करायला पाण्याच्या टाकीवर चढलं की लागती. खाली रेंज न्हाय की."

तीन महिने मी टाकीच्या पायऱ्यांवर औषध देत होतो!

"वाढवलेल्या गोळीनं जरा चक्कर येती," तात्या म्हणाले. "म्हनून कठडा धरून बोलतोय."

"तात्या, आधी खाली उतरा. सावकाश."

"उतरलो की रेंज जाती, साहेब. गोळी अजून वाढवायची का, तेवढं सांगा. मग उतरतो."