गोठ्यातला राउटर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मंगलजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असं आमच्या वस्तीवर सगळे समजतात. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडलं की माझ्या तोंडून आपोआप शहाणपण बाहेर पडतं, आणि खरं ते राहून जातं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की ते का पडलं हे शोधायचं, हेच माझं काम. आमच्याकडे एक रीत आहे — बिघाड सापडला म्हणून थांबायचं नाही, पुढे 'का' विचारत जायचं. मोटर जळली. का? बेअरिंग धरलं. का? ग्रीस नव्हतं. का? ज्याचं काम होतं तो फिरकलाच नाही. असं विचारत गेलं की शेवटी बहुतेक वेळा एक माणूस सापडतो. इतकी वर्षं मी हे 'का' दुसऱ्यांना विचारत आलो. स्वतःला विचारायची पाळी आली तेव्हा मात्र पहिल्यालाच पळ काढला.

न्हावऱ्याच्या शिवारात आमची वस्ती. ऊस, कांदा, गाई. धाकटा भाऊ संतोष शेती बघतो. त्याची बायको शीतल दौंडची — वडील रेल्वेत होते, पोरीला त्यांनी कॉम्प्युटरचं शिक्षण दिलं. लग्नाआधीपासून ती पुण्यातल्या एका कंपनीत होती, आणि लग्न झाल्यावर कंपनीने तिला घरून काम करायची मुभा दिली. अट एकच, नेट खात्रीचं पाहिजे. वस्तीवर मोबाईलची रेंज नावालाच, त्यामुळे सगळी मदार घरच्या वायफायवर.

ती जबाबदारी मी घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच सुमाराला आमच्या कारखान्याच्या ऑफिसात नवीन सामान बसलं आणि जुनं भंगारात निघालं. रीतसर परवानगी काढून मी ते उचललं. छताला लावायच्या पांढऱ्या ताटल्या, ज्यांतून वायफाय निघतं. त्या सगळ्यांना वायर पुरवणारा लोखंडी डबा. आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा मोठा राउटर. ज्याच्यावर अख्खं ऑफिस चालायचं, त्याच्यावर आता आमचं घर चालणार होतं! जिन्याखाली रॅक बसवला, भिंती फोडून वायरी ओढल्या. पाहुणे यायचे, छताकडे बघायचे, हे आग लागल्यावर वाजतं का म्हणून विचारायचे. मी समजावून सांगायचो. जरा जास्तच वेळ सांगायचो.

सुरुवातीला चाललंही झकास. मग एक गाय व्यायला आली. गोठ्यात जुना कॅमेरा होता, तो या नव्या सामानाला काही केल्या जोडला जाईना. गाय तर थांबणार नव्हती. घाईत मी पूर्वीच्या केबलवाल्याने दिलेला छोटा राउटर माळ्यावरून काढला, गव्हाणीच्या वर खिळ्याला टांगला आणि घरातून आलेली वायर त्यात खोचली. कॅमेरा दिसायला लागला. कालवड झाली, घरात आनंदीआनंद. तो राउटर तिथेच राहिला — आणि मी तो विसरलो. इथपर्यंत माझी चूक साधी होती. कुणाचीही होईल अशी.

शीतलचं नेट तुटायला लागलं ते त्यानंतर. काय व्हायचं सांगतो, अवघड नाही. घरातला फोन असो की लॅपटॉप, वायफायला जोडला की त्याला एक नंबर लागतो, आणि तो घरातल्या एकानेच वाटायचा असतो. आमच्यात आता दोन कारभारी झाले होते. मोठा राउटरही नंबर वाटत होता आणि गोठ्यातला छोटाही. छोट्याकडून ज्याला नंबर मिळाला त्याचं वायफाय दिसायला भरलेलं, पण उघडत काहीच नाही. त्यात आमच्याकडे लाईटचा हा असा खेळ. लाईट जाऊन आली की छोटा लगेच उठून कामाला लागायचा, मोठा मात्र साहेबासारखा सावकाश. तेवढ्यात जो सापडला तो अडकला. आमचं काय, फोन बाजूला ठेवून आम्ही कामाला लागायचो. शीतलची मात्र समोर मीटिंग चालू असायची.

"दादा, बघ की जरा, परत गेलं हाय," संतोष म्हणायचा.

मला बिघाड कधी सापडला? — इथेच मी सगळ्यांशी खोटं बोललो आहे. लोकांना वाटतं, तो मला सापडलाच नाही. तो मला पहिल्याच गुरुवारी सापडला होता. गुरुवार म्हणजे आमची सुट्टी. मी शीतलचा लॅपटॉप मांडीवर घेतला, तिला मिळालेला नंबर बघितला, आणि आडनावावरून गाव कळावं तसं कळलं की हा मोठ्या राउटरचा नव्हे, हा गोठ्यातला. शीतल शेजारी उभी होती, कडेवर तिची लहानगी पोरगी. काय झालंय, असं तिने विचारलं.

"बघावं लागंल," मी म्हणालो.

का? पाहुण्यांपुढे मी त्या सामानाची एवढी फुशारकी मारलेली, आणि घोळ निघाला माझ्याच हाताचा, म्हणून? बरीच वर्षं — नाही, वर्षं कसली, बरेच महिने — मी स्वतःला हेच उत्तर देत होतो. पण ते पुरत नाही. तसं असतं तर गुपचूप जाऊन वायर उपटली असती. घोळही मिटला असता आणि वाहवाही मिळाली असती.

मग दुसरं उत्तर. दर गुरुवारी मी शिडी लावायचो. ताटल्या इकडच्या तिकडे करायचो, वायरी बदलायचो, रॅकपुढे बसून फोनवर कायकाय उघडून बघायचो. संतोष शिडी धरायचा. शीतल स्वतः चहा आणायची, दादा आधी खाऊन घ्या म्हणायची. शिरूरवरून एक जाणकारही आणला. तो गोठ्याकडे फिरकलाच नाही, मी त्याला फिरकू दिलं नाही. घरात माझ्यावाचून अडत होतं, आणि ते मला आवडत होतं. हे खरं आहे. पण हेही बुडाशी जात नाही — चहासाठी कुणी एवढं करतं का?

आता जे सांगतो ते सांगायला मला एवढा फेरा पडला.

पुढे असंच एका गुरुवारी सकाळी आईकडे तिच्या माहेरचे कुणी आले होते. आई ओसरीवर त्यांना घरची माहिती देत होती. धाकटी सून मोठ्या कंपनीत हाय, घरात बसून साहेब लोकांशी बोलती, लई हुशार. आणि थोरला? असं त्यांनी विचारलं असावं.

"थोरला रांजणगावला जातो," आई म्हणाली.

जातो. बस्स, तेवढंच. आईच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तसाच उठून गोठ्यात गेलो. मनाशी म्हटलं, पुरे झालं हे, आज हा राउटर काढायचा. वायर उपटली, राउटर खिळ्यावरून उतरवला. हातात गरम लागत होता. शीतलच्या खोलीची खिडकी गोठ्याच्या अंगाला आहे. तिची मीटिंग चालू होती, आणि त्या दिवशी ती तुटली नाही. ती कुणाला तरी काही समजावून सांगत होती, मधूनच इंग्रजी, मधूनच हिंदी. समोरचा विचारत होता, ती सावकाश उत्तर देत होती. घरात आमच्याशी बोलताना तिचा आवाज असा नसतो. लोक ऐकतायत याची त्या आवाजाला सवय होती. एकदा ती मोकळी हसली. मी तिथे शेणात उभा. कारखान्यात माझं बोलणं मधे न तोडता इतका वेळ कुणी कधी ऐकलंय का, ते आठवायला लागलो. आठवेना.

आणि मी तो राउटर परत खिळ्याला लावला. वायर खोचली. दिवा लागेपर्यंत थांबलो.

मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या लेकीसारखी पोर, माझ्या घरात नांदायला आलेली, सकाळी मला विचारून चहात साखर टाकणारी — आणि मला तिचा हेवा वाटत होता. ती पडावी असं मला वाटत होतं. पडावी, आणि मी तिला उचलायला धावल्यासारखं करावं.

पुढचं भराभर झालं. कंपनीने आधी समजून घेतलं, मग कुरकुर केली. शीतल पोरीला घेऊन महिनाभर दौंडला आई-वडिलांकडे राहिली. तिथलं साधं नेट, एक छोटा डबा, पण एकदाही तुटलं नाही. तिने फोनवर मला हे नवल म्हणून सांगितलं. तिकडं लाईट जात नसंल, असं मी म्हणालो. ती तिकडे असताना मी गोठ्यातला राउटर काढू शकलो असतो. परत आल्यावर आपोआप नीट झालं, एवढंच सगळ्यांनी म्हटलं असतं. तो महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या खालून ये-जा केली. हात वर गेला नाही.

सून किती दिवस माहेरी ठेवायची, असं लोक विचारायला लागले, तशी ती परत आली. नेट पुन्हा तुटायला लागलं. कंपनीने सांगितलं, रोज पुण्याला ऑफिसला या, नाहीतर राजीनामा द्या. न्हावऱ्यावरून, एवढ्याशा पोरीला ठेवून, रोज पुणं? संतोषने दोन-तीन दिवस डोकं धरलं. शीतलने राजीनामा दिला.

लॅपटॉप परत करायचा होता. तो कुरिअरला टाकायला शिरूरला मीच गेलो. तिने तो पुसून, वायर नीट गुंडाळून खोक्यात भरला होता. मी गाडीला किक मारली तसं ती मंगलला म्हणाली, मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली असेल, "दादांनी लई जिवाचं रान केलं वो माझ्यासाठी. माझंच नशीब न्हाई." मी गाडी थांबवली नाही.

संध्याकाळी घरी आलो आणि राउटर काढून भंगारात टाकला. आता त्याचं काही काम नव्हतं.

हेवा सगळ्यांनाच वाटतो, आईने तसं बोलायला नको होतं, घरात मला मान नव्हता — यातलं मी काहीही म्हणणार नाही. शिकलेल्या पोरीच्या हातातलं काम मी घालवलं. जाणूनबुजून. शीतल आता पहाटे मंगलबरोबर धारा काढते. तिने कधी तक्रार केली नाही. मंगल म्हणते, पोर पहिल्यापेक्षा गप झाली.

मागच्या आठवड्यात आम्ही ओसरीवर कांदा निवडत होतो. पुतणी आत फोनवर गाणी बघत होती. लाईट गेली, आली. गाणं थांबलं आणि जरा वेळाने आपोआप पुन्हा वाजायला लागलं, कुणाला उठावं लागलं नाही. शीतलचा हात कांद्यावर थांबला. तिने आत वाकून छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, दुसरं काही नाही.

"जमवलं की दादा तुम्ही शेवटी," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो. "जमलं."