दर्भाचा कावळा

माझे वडील पुण्यात एका सोसायटीच्या गेटशेजारी इस्त्रीची गाडी लावायचे. कोळशाची इस्त्री. आई चार घरी पोळ्या करायची. दोघांनाही वाचता येत नाही. कुठले कपडे कोणत्या घरचे, ते वडील आतून घातलेल्या दोऱ्याच्या रंगावरून ओळखायचे. एकदा पावसाळ्यात सोसायटीने गाडी लावू दिली नाही, तेव्हा आम्ही तिघं दोन महिने आईला मिळणाऱ्या उरलेल्या पोळ्यांवर राहिलो. त्याच गाडीच्या फळीवर, घडी केलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी, मी इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर सही केली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं माझा नवरा म्हणायचा. "आता लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगशील," म्हणायचा. सांगायचे. अजूनही सांगते.

लग्नानंतर आम्ही सिंगापूरला आलो. तो सॉफ्टवेअरमध्ये, मी जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर. पुंगोलला नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. घराचा एकच नियम होता, आणि तो नवऱ्याचा: चपलांबरोबर इंग्रजीही दाराबाहेर काढायची. आत मराठी. मुलगी शाळेतून "कॅन लाह, कॅनॉट लाह" करत यायची आणि उंबऱ्यावर पाय ठेवला की "बाबा, भूक!" म्हणून ओरडायची.

ती आठ वर्षांची असताना तो गेला. चार दिवस ताप आणि पाचव्या दिवशी मी हॉस्पिटलमधून एकटी घरी आले.

पुण्याहून सासूबाई आणि मोठे दीर आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, आता परत चला. मी म्हटलं, "भाऊजी, माझा इथल्या कामाचा पास माझ्या नावावर आहे. माझ्या डिग्रीवर मिळालाय. पोरीचा पासही त्यावर करून घेते."

"अगं, पण एकटी राहणार?"

"एकटी कशी? दोघी आहोत."

हे बोलताना माझा आवाज कापला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दहाव्याचं समुद्रकिनारी केलं. आदल्या दिवशी सासूबाईंनी नातीला समजावून सांगितलं होतं, "पिंडाला कावळा शिवला ना, की बाबा सुटले. मग ते पुढे जातात." ती लक्ष देऊन ऐकत होती. किनाऱ्यावर केळीच्या पानावर पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळा येईना. दिरांनी हात जोडून एकेक आश्वासन द्यायला सुरुवात केली. आईला मी सांभाळतो. तुझ्या पोरीला काही कमी पडू देणार नाही. तुझी पुस्तकं कोणाला देणार नाही. जॉगिंग करणारे लोक आमच्याभोवती वळसा घालून जात होते. तासभर झाला. ऊन तापलं, मुलगी उपाशी होती, आणि गुरुजींना अकराला ऑफिसात मीटिंग होती; ते आठवडाभर बँकेत काम करायचे आणि हे सगळं हौसेने. त्यांनी हळूच विचारलं, "दर्भाचा करायचा का?"

कावळा आला नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात, हे शास्त्रात आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "करा."

गुरुजींनी चार काड्या वळल्या, गाठ मारली, पिंडाला टेकवली. झालं.

तिथून जेवायला बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या खाऊगल्लीत गेलो. आम्ही ताटं घेऊन बसतोय तोवर शेजारच्या टेबलावर कावळे उतरले. एक नव्हे, पाच-सहा. कोणीतरी टाकलेला भात एक कावळा अगदी निवांत टोचत होता. मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्या हॉकर सेंटरला ऐकू जाईल असं ओरडली, "हे बघा! इथे आहेत कावळे! तुम्ही चुकीच्या ठिकाणी गेलात!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगी खाली बसली आणि मला विचारलं, "मग बाबा अजून समुद्रावरच आहेत?"

"नाही गं बाळा, गुरुजींनी केलं ना सगळं."

"ते खोटं होतं. गवताचं होतं."

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. रागाने नव्हे. काही विचारलं की खाली बघून इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि रोज ताटातला भाताचा पहिला घास बाजूला काढून कॉरिडॉरच्या कठड्यावर ठेवायची. पुंगोलला कावळे कुठले, साळुंक्या यायच्या. साळुंक्यांना हाकलून ती पुन्हा ठेवायची. निम्मं जेवण तसंच राहायचं. युनिफॉर्म खांद्यावरून घसरायला लागला. प्लांटमध्ये मी टाकीतला दाब बघून पुढे काय होणार ते सांगते. घरात काय होणार ते मला सांगता येत नव्हतं.

एके दिवशी खालच्या मजल्यावरचे अंकल वर आले. "गर्ल ah, cannot feed bird! फाइन करतील, you know!" मी सॉरी म्हणत होते, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

शेजारी एक जपानी बाई राहायची. सत्तरीची, ताठ पाठीची. नवरा इथलाच, चिनी. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई पुण्याला परतल्यापासून शाळा सुटल्यावर मुलगी तिच्याकडेच असायची, कारण कंपनीची बस मला संध्याकाळी सातला सोडायची. तिने अंकलना वाकून नमस्कार केला, कठडा स्वतः पुसला आणि मुलीला तिच्या तुटक इंग्रजीत विचारलं, "कोणाची वाट बघतेस?"

"कावळ्याची."

"किती पायांचा?"

बाई म्हणाली, तिच्या माहेरच्या डोंगरातल्या देवळात तीन पायांचा कावळा आहे. देवांनीच पाठवलेला. वाट चुकलेल्यांना तो रस्ता दाखवतो.

त्या आठवड्यात मुलीने माझ्याकडे एक कोरी वही मागितली. कशाला, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं केलं. एवढंच कळायचं, की जपानी आजी तिला तिकडच्या देवांच्या गोष्टी सांगते आणि ही चित्रं काढते. तिकडे देव लाखोंनी आहेत म्हणे. तांदळाचा, चुलीचा, वाऱ्याचा, मोडलेल्या सुयांचाही. एका संध्याकाळी मी कुकर लावत होते. मागून आवाज आला.

"आई, स्केअरक्रोला मराठीत काय म्हणतात?"

सात महिन्यांनी. मी वळले नाही. वळले असते तर रडले असते आणि ती पुन्हा गप्प झाली असती.

"बुजगावणं," मी कुकरला सांगितलं.

"बुजगावणं," ती म्हणाली आणि गेली.

दोन रविवारांनी तिने वही माझ्यासमोर ठेवली. चाळीस पानं, सगळी मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. म्हणाली, "मी वाचते. तू फक्त ऐक. मध्ये करेक्ट करू नकोस."

आमच्या भागातल्या छोट्या रेल्वेच्या, एलआरटीच्या मार्गावर एक स्टेशन बांधून बंद ठेवलेलं होतं; आजूबाजूला अजून घरंच नव्हती, म्हणून गाडी तिथे थांबायची नाही. गोष्टीतली मुलगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये गाडीत बसलेली असते, तीन पायांचा कावळा काचेवर चोच मारतो आणि गाडी तिथे थांबते. फलाटावर लाल कमान. कावळा सांगतो, कडेने चाल, मधली वाट देवांची आहे. आत तांदळाच्या कोठाराची किल्ली तोंडात धरलेला कोल्हा भेटतो, गळ्यात लाल फडकं. तो म्हणतो, तुझे बाबा इथे दोन वाट्या वरणभात खाऊन गेले. पुढे ढग वाजवणारा देव, त्याचे हात दुखत असतात. बाबा पुढे कुठे गेले, त्याला ठाऊक नाही. मग सगळी देवळं रिकामी. वर्षातून एक महिना सगळे देव एका गावी जमतात, तोच महिना निघतो.

"सगळे देव मीटिंगला गेले होते," तिने वाचलं, आणि मान वर करून म्हणाली, "बाबांसारखे."

मी हसले. ती पण.

एकच देव जागेवर असतो. शेतातलं बुजगावणं. त्याला चालता येत नाही, म्हणून मीटिंगला जाता येत नाही. पण एका जागी उभं राहून त्याने सगळं पाहिलेलं असतं. हा देव तिकडे खराच आहे, जपानी आजीने सांगितलेला. मुलगी त्याला विचारते, माझे बाबा कुठे अडकलेत?

तिने वही डोळ्यांजवळ धरली आणि सावकाश वाचलं:

"बुजगावणं म्हणालं, ते अडकले नाहीत. गवताच्या कावळ्याबरोबर गेले. मुलगी म्हणाली, पण तो खोटा होता. बुजगावणं म्हणालं, मी पण गवताचंच आहे."

खाली चित्र होतं. समुद्र, केळीचं पान, आणि दर्भाचा कावळा उडतोय. गाठीखाली तीन काड्या लोंबत होत्या. तीन पाय.

खरोखर किती काड्या खाली राहिल्या होत्या, मला आठवत नाही. मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं होतं.

मला आता बोलणं भाग होतं. म्हटलं, "पिल्ला, दर्भाचा करा असं मीच म्हटलं होतं. काका नाही, गुरुजी नाही. मी."

"माहितेय. मी ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चूक केलीस का ते आधी विचारून यायचं होतं ना," ती म्हणाली. "आता विचारलं."

माझ्या वर्गात एकाहून एक हुशार मुलं होती, प्लांटमध्ये डॉक्टरेटवाले आहेत. इतका लांबचा रस्ता चालून, एवढा साधा प्रश्न सोडवून परत आलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्या दुपारी तिने भाताचा पहिला घास काढला, जरा वेळ हातात धरला आणि खाऊन टाकला. मग ताट संपवलं. मग विचारलं, "अजून आहे?"

जपानी आजीने पानांना चार भोकं पाडून तिच्या पद्धतीने लाल दोऱ्याने वही शिवून दिली. पुढच्या रविवारी मुलीने व्हिडिओ कॉलवर माझ्या आई-वडिलांना सगळी वाचून दाखवली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आई मध्येच म्हणाली, "कोल्ह्याला वरणभात कुणी केला गं?" वाचून झाल्यावर वडील म्हणाले, "शिवण दाखव जरा." तिने वहीची कड कॅमेऱ्यासमोर धरली. वडिलांनी चष्मा पुसला, दोरा नीट पाहिला आणि म्हणाले, "लाल. आता कुठेही ठेवलंस तरी ओळखेन मी. आमच्या घरचं आहे."

आमच्या घरात पहिली पदवी मी मिळवली. पहिलं पुस्तक माझ्या मुलीने लिहिलं, नवव्या वर्षी, मराठीत, आणि ते पूर्ण केलं.