कोड्यांचा कस बघणारे व्याही

कठीण गोष्टीवर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बाकीची माणसं आयुष्य जरा सोपं जावं म्हणून देवापुढे नारळ फोडतात. आमचे व्याही दुकानातले सगळे नारळ वाजवून त्यातला सर्वांत टणक निवडून आणतात आणि तो दोन-तीन फटक्यांना दाद देईनासा झाला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. अंबरनाथच्या एका लष्करी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी जन्म काढला. काम एकच, आलेला धातू किती कठीण आहे ते तपासायचं. यंत्रात तुकडा ठेवायचा, वरून पोलादी गोळी दाबायची आणि उठलेला ठसा भिंगातून बघायचा. ठसा खोल तर माल मऊ, ठसा उथळ तर माल कठीण. निवृत्त झाल्यावर यंत्र कारखान्यात राहिलं, पण दाबून बघायची सवय अंगठ्यात राहिली. पहिल्या दिवाळीला आमच्याकडे बदलापूरला फराळाला आले तेव्हा माझ्या बायकोने केलेला रव्याचा लाडू तोंडात घालण्याआधी त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "वा! पितळ!" त्यांच्या लेखी ही शाबासकी होती. बायको मात्र तेव्हापासून त्यांच्या ताटलीत फक्त चिवडा वाढते. पुढे त्यांच्या पुतण्याने खरवईला फ्लॅट बघायला नेलं, तर यांनी बिल्डरच्या माणसादेखत प्रत्येक खोलीची भिंत बोटाच्या पेराने ठोकली आणि "मेण आहे, मेण," असं सांगून सगळ्यांना खाली आणलं. पुतण्या अजून भाड्याने राहतो.

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर सुडोकू पडलं. नऊ बाय नऊ घरांचा तो चौकोन, आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि आतल्या प्रत्येक छोट्या चौकोनात एक ते नऊ अंक एकेकदाच यायला हवेत, एवढंच ते प्रकरण. चारचौघं ते सोडवतात आणि विसरतात. आमच्या व्याह्यांनी मात्र एकही सुडोकू सोडवलं नव्हतं. "इन्स्पेक्टरने माल वापरायचा नसतो," हा त्यांचा बाणा. त्यांना फक्त शोधायचं होतं, की जगातलं सगळ्यात कठीण सुडोकू कोणतं. वर्तमानपत्रं कोड्याच्या डोक्यावर चांदण्या छापतात त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "बनवणाऱ्यानेच आपल्या मालाला सर्टिफिकेट द्यायचं? कारखान्यात असं चाललं असतं तर रणगाडे वाटेत वितळले असते." घड्याळ लावून सोडवणाऱ्यांचाही त्यांना तिटकारा. त्यांची पद्धत जुनीच होती. कोडं म्हणजे गोळी, माणूस म्हणजे तुकडा. माणूस ओळखीचा असला की त्याच्यावर किती ठसा उठला त्यावरून गोळीचा कस कळतो. त्याप्रमाणे त्यांनी दर्जे पाडले होते: मेण, शिसं, तांबं, पितळ, बीड, पोलाद आणि सगळ्यात वर हिरा. हिरा अजून सापडायचा होता.

ही तपासणी ते भलतीच कडक करत. कोडं कापून घेताना वरचं नाव, तारीख, चांदण्या, सगळं कात्रीने उडवायचे, कारण लेबल वाचून माणूस आधीच घाबरतो किंवा आधीच फुशारतो. मग सगळी कात्रणं एका बरणीत टाकायची, बरणी हलवायची आणि डोळे मिटून एक काढायचं. ते कुठल्या पेपरातलं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसे. माझी पहिली तपासणी तर लग्नाच्या बोलणीतच झाली. देण्याघेण्याचं काही नव्हतंच, पोहे झाले, मुला-मुलीने होकार दिला, आणि व्याह्यांनी खिशातून कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. "एवढं जरा बघा." मुलीचा बाप काय बोलणार? मला वाटलं यांच्या घराण्याची काही रीत असेल. मी पेन्सिल घेतली. घाम फुटला, पोह्यातल्या मिरच्या वेचून खाल्ल्या, शेवटी एका ओळीत दोन पाच आले आणि मी पेन्सिल ठेवली. माझी मुलगी रडवेली झाली होती. व्याह्यांनी मात्र माझा चेहरा भिंगातून बघावा तसा बघितला, कात्रणाच्या कडेला 'तांबं' असं लिहिलं आणि सोयरीक पक्की केली. नंतर मला म्हणाले, "तुम्ही फार उपयोगी आहात, व्याहीबुवा. तुमच्यावर काहीही उमटतं!"

मालाच्या शोधात ते उल्हासनगर कॅम्प नंबर तीनपर्यंत जात. तिथे जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांना जुनी शिलाई मशिनं विकणारे एक सिंधी शेट आहेत. मशिनं परदेशातून येतात, कुठकुठल्या देशांच्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, आणि त्या वर्तमानपत्रांत सुडोकू असतात. अंकांना कुठे भाषा आडवी येते? व्याही शेअर रिक्षातून उतरले की शेट गादीवरूनच ओरडत, "आओ साईं, आज बाहर का माल खुला है! सब कागज तुम्हारे वास्ते बाजू में रखा है." एकदा मी बरोबर होतो. व्याह्यांनी शेटना एक कोडं दिलं आणि आम्ही चहा पीत बाजूला बसलो. समोर गिऱ्हाईक मशिनचा भाव विचारतंय, आणि शेट त्यालाच विचारतायत, "वो छोडो, ये सात किधर जाएगा, बोलो." गिऱ्हाईक बिचारं शेजारच्या दुकानात गेलं. धंद्यातल्या सिंधी माणसाने गिऱ्हाईक सोडलं, हा ठसा फारच खोल होता. व्याह्यांनी परतताना रिक्षात त्यावर 'पोलाद' लिहिलं आणि चौथ्या सीटवर अर्धवट लटकत असूनही सगळी वाट गुणगुणत होते.

पण शेट काय, मी काय, आम्ही किरकोळ तुकडे. यंत्र बरोबर चालतंय की नाही हे बघायला कारखान्यात एक ठरलेला ब्लॉक असतो. त्याचा कठीणपणा पक्का ठाऊक असतो, आणि बाकी सगळं त्याच्या आधाराने मोजायचं. व्याह्यांचा हा ब्लॉक म्हणजे आमच्या विहीणबाई. पोस्टात सॉर्टिंगला त्यांची नोकरी झाली. हजारो पत्रं ज्या त्या खणात टाकण्यात हयात गेल्यावर नऊ अंक नऊ घरांत टाकणं त्यांना काय अवघड? मटार सोलता सोलता, फोनवर बहिणीशी बोलता बोलता त्या सुडोकू सोडवत. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. सोपं असलं तर मटार सगळे सोलून होत, कठीण असलं तर थोडे उरत, आणि त्या उरलेल्या शेंगांवर व्याही शेवटचा दर्जा ठरवत. "अहो, झालं हे. बीड असेल," असं म्हणून त्या कागद पुढे करायच्या, आणि व्याही मान डोलवायचे. विहीणबाई ज्या कोड्यापुढे पेन्सिल ठेवून 'नाही सुटत' म्हणतील तो हिरा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विहीणबाई हसून म्हणायच्या, "मी हरायची वाट बघणारा हा एकच नवरा असेल." पण त्या हरत नसत, आणि मला वाटतं, व्याह्यांना जितकी हिऱ्याची आस होती तितकाच त्या हरत नाहीत याचा अभिमान होता.

गेल्या वर्षभरात त्यांचे दिवस फिरले. फोन केला की आवाजात नुसता उत्साह. "व्याहीबुवा, काय माल येतोय सध्या! तांबं म्हणून मिळत नाही. पितळ, बीड, परवा तर लागोपाठ पोलाद!" मटाराच्या शेंगा ढिगाने उरायला लागल्या होत्या. कोडी बनवणारे आता शुद्धीवर आले आहेत असं त्यांचं मत झालं होतं. मीही म्हटलं, बरं झालं, माणसाला म्हातारपणी मनासारखं मिळतंय. आणि एका रविवारी सकाळी फोन आला, "हिरा! हिरा सापडला! जिलेबी मागवलीय, दोघेही या."

आम्ही अंबरनाथला पोचलो तर घरात लग्नघर असावं तसा थाट. शेजारपाजारचे चारजण जिलेबी खात बसलेले. मूळ कात्रण व्याह्यांनी लॅमिनेट करून भिंतीवर टांगलं होतं, आणि आलेल्या प्रत्येकाला त्याची एकेक झेरॉक्स प्रसादासारखी मिळत होती. विहीणबाई सोफ्यावर होत्या. "मला सुटलं नाही म्हणून यांना केवढा आनंद झालाय बघा," म्हणाल्या आणि हसल्या. हसताना त्या माझ्या बायकोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, नाव आठवत असल्यासारख्या. मी झेरॉक्स मांडीवर घेऊन बसलो. हिऱ्याला हात तरी लावावा म्हणून एक अंक भरला. मग दुसरा. दुसरी जिलेबी संपेपर्यंत चौकोन भरला होता. माझा माझ्यावर विश्वास बसेना. ओळी तपासल्या, उभ्या तपासल्या, सगळे अंक जागच्या जागी. ज्याच्यावर काहीही उमटतं त्या माझ्यावर साधा ओरखडा आला नव्हता. मी उठून भिंतीवरचं कात्रण उलटून बघितलं. मागच्या बाजूला ठिपके जोडून काढायचा अर्धा हत्ती होता. कोडं लहान मुलांच्या पानावरचं होतं.

मी व्याह्यांना गॅलरीत बोलावलं. सांगावं की नाही हे मला कळत नव्हतं, पण ते कागद बघून हसलेच. "तुम्हाला सुटलं? शक्य नाही. कुठेतरी दोन पाच आलेले असणार." मी म्हटलं, "मागे हत्ती आहे, व्याहीबुवा." ते आत गेले, हत्ती बघून आले आणि कठड्याला धरून उभे राहिले. खालून पाववाला सायकलची घंटी वाजवत गेला. मग ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे माल तोच होता. कारखान्यात रोज सकाळी आधी ब्लॉक तपासायचो, मगच काम सुरू. घरात कधी तपासावंसं वाटलंच नाही." मग कठड्यावर अंगठा दाबत म्हणाले, "मी खूश होतो हो. रोज खूश होतो." मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यात आतून विहीणबाईंची हाक आली, "अहो, जिलेबी गार होतेय, कसली खलबतं चाललीयेत?" व्याह्यांनी माझ्या हातातली सोडवलेली झेरॉक्स घेतली, घडी करून खिशात घातली आणि मोठ्याने म्हणाले, "काही नाही गं! व्याहीबुवांना हिरा फुटला नाही, म्हणून रडतायत." माझे डोळे भरून आलेच होते, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. विहीणबाई विसरायला लागल्या आहेत, एवढाच सगळ्याचा अर्थ. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आमटीत मीठ दोनदा पडायचं. मला वाटायचं आई दमल्यात." डॉक्टरांनी डोक्याला काम देत राहा असं सांगितलं. व्याह्यांनी बरणी रिकामी केली. उल्हासनगरला जाणं सोडलं, शेटचा निरोप आला तरी गेले नाहीत. मला वाटलं, माणूस आता खचणार. मध्ये बरेच दिवस जाणं जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जायचा धीरही होत नव्हता.

मागच्या आठवड्यात गेलो. सकाळची वेळ होती. दोघं जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या जोडून बसले होते, पुढे वर्तमानपत्र. पेन्सिल व्याह्यांच्या हातात होती. जन्मात माल न वापरलेला हा इन्स्पेक्टर कपाळाला आठ्या घालून सुडोकू सोडवत होता, आणि विहीणबाई शिकवत होत्या. "अहो, तिथे सात कसा बसेल? वर बघा, सात आहे ना? मग? पुसा ते." व्याह्यांनी निमूटपणे पुसलं. पुन्हा चुकवलं, पुन्हा पुसलं. विहीणबाईंचा आवाज पोस्टात नव्या माणसाला काम समजावताना असेल तसा होता, ठाम आणि मायेचा. एखादं घर बरोबर भरलं की त्या "शाब्बास" म्हणत, आणि व्याही लाजत. चहा करताना मुलीने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "पप्पांना आता सगळं येतं, बाबा. रोज त्याच चुका मुद्दाम करतात. आईंना उद्या यातलं काही आठवत नाही ना, मग उद्या परत पहिल्यापासून शिकवणी. दोघंही तासभर मजेत असतात." मी बाहेर येऊन बघितलं. व्याह्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख शोधायचं होतं, पण ते सापडलं नाही. नव्या शाळेत आवडत्या बाईंच्या वर्गात बसलेल्या पोरासारखे ते दिसत होते.

विहीणबाईंनी मला पाहिलं. मी कोण हे त्यांना नक्की उमगलं असेल असं नाही, पण घरातलं माणूस आहे हे उमगलं. त्या माझ्याकडे वळून, व्याह्यांना ऐकू जाऊ नये असा आवाज काढत म्हणाल्या, "यांना यातलं काहीच येत नाही हो. पण शिकतील. आज पहिलाच दिवस आहे."

"हो ना," व्याही म्हणाले, "पहिलाच."

मी तिसरी खुर्ची ओढली. म्हटलं, "विहीणबाई, मलाही येत नाही. मला शिकवाल?" त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं, माझ्यापुढे पेन्सिल सरकवली आणि म्हणाल्या, "बसा. आधी सांगा, एक ते नऊ तरी येतात ना?"