डोन्या एनेइदा आणि गाविओतासचा पडता हंगाम

साखर कारखाना चालू होता तेव्हा आमच्या पुएर्तो सालादोत लोक म्हणायचे, गावात भोंगे दोन. एक पाळीचा आणि दुसरी डोन्या एनेइदा. पुढे कारखाना बंद पडला, पाळीचा भोंगा गंजून गेला, आणि गावाला ओरडायला ती एकटीच उरली.

डोन्या हे आमच्याकडे मानाने म्हणायचं 'बाई'; पेशाने ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीवर खिळ्याला टांगलेले शाळेचे गणवेश, आणि कुणी गेलं की घाईघाईने शिवून द्यायचे काळे कपडे. नवरा न्यूयॉर्कला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. मूलबाळ नव्हतं. ऑक्टोबर लागला की मात्र तिचं मशीन दुपारीच थांबायचं. निळी टोपी डोक्यावर चढवून बाई बेसबॉलच्या मैदानाच्या वाटेला लागायच्या. तिसऱ्या बेसच्या मागे, पाहुण्या संघाच्या बाकाच्या अगदी डोक्यावर तिची जागा होती. तिच्या डाव्या हाताला मी, तिचा शेजारी, बसायचो. माझा डावा कान अजून शाबूत आहे, उजव्याचं काही विचारू नका.

पाहुण्या संघातला कुणी जाडा गडी धावायला लागला की ती ओरडायची, "अरे, पळतोयस की घर बदलतोयस?" एखादा फलंदाज पुन्हा पुन्हा हातमोजे आवळत उभा राहिला की, "आवर की लवकर! नवरी केव्हाची पळून गेली!" मैदान हसायचं. रेडिओवर समालोचन करणारा थांबून म्हणायचा, "ऐकलंत ना मंडळी?" पाहुणे खेळाडूसुद्धा वर बघून टोपी काढायचे. कुणाच्या आईवरून ती कधी बोलली नाही. आणि आमच्या गावच्या संघाच्या, गाविओतासच्या पोरांना तर एक शब्द नाही. हरोत, पडोत, झेल सोडोत. "त्यांना बोलायला बाकीचं जग आहे," म्हणायची.

त्या वर्षी हंगामाची सुरुवात अशी झाली की गावाला पुन्हा रंग चढला. योस्कार परत आला होता. योस्कार म्हणजे मर्सियाचा मुलगा. मर्सियाचं घर एनेइदाच्या घराला लागून, मधे फक्त कमरेएवढी भिंत. योस्कारच्या बाप्तिस्म्याला एनेइदाने त्याला हातावर धरलं होतं. म्हणजे ती त्याची माद्रिना, धर्माची आई. मर्सिया आणि ती एकमेकींना 'कोमाय' म्हणायच्या, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा पातळ समजत नाहीत. पोरगा दोन घरांत जेवूनच वाढला. सोळाव्या वर्षी अमेरिकेच्या क्लबाने उचलला, नेला, राबवला, आणि त्या उन्हाळ्यात "आता गरज नाही" म्हणून विमानात बसवून परत धाडला. गाविओतासने त्याला घेतलं आणि शेवटच्या डावाचं काम दिलं. आपण पुढे असलो की नवव्या डावात योस्कार यायचा, तीन गडी बाद करायचा, आणि आम्ही ढोल वाजवत घरी जायचो. ऑक्टोबरभर हेच चाललं. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला.

नोव्हेंबरमध्ये सगळं घसरलं.

आधी पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा गुडघा गेला. मग बाहेरून आणलेले दोघे फलंदाज "घरी अडचण आहे" म्हणून निघून गेले, ते परत आलेच नाहीत. दिव्यांच्या खांबांपैकी एक बंद पडला, तर उजव्या कोपऱ्यात उडालेला चेंडू आमच्या गड्यालाच दिसेना. हरण्याची सवय लागते, तशी ती संघाला लागली आणि मग आम्हालाही. लोक सातव्या डावात उठून जायला लागले. पण खरा घाव वेगळा होता. ज्या थोड्या सामन्यांत आपण शेवटपर्यंत पुढे असायचो, तेही योस्कारच्या हातून जायला लागले. चेंडू लांब पडायचे. फलंदाज फळी न हलवता फुकट पहिल्या बेसवर जाऊन उभे राहायचे. नंतर एखादा सरळ पण हळू चेंडू यायचा, आणि तो फटका खाऊन भिंतीपार जायचा.

न्हाव्याने भिंतीवरचा फोटो उतरवला. मर्सियाच्या पत्र्यावर एका संध्याकाळी दगड पडले. फुटलं काही नाही, पण तिने दारं लावून घेतली. मैदानात लोक योस्कारच्या नावाने शिट्ट्या मारू लागले, आणि मधेच मागे वळून एनेइदाकडे बघू लागले. कासिमिरो नावाचा बस कंडक्टर आमच्या मागच्या रांगेत बसायचा. त्याला तर रोज हेच.

"काय डोन्या, आज तोंड शिवून आलात वाटतं? शिवणकाम चांगलंय!"

"तुझं शिवायला आणलाय दोरा. जाड लागेल."

"नाही, म्हणजे दुसऱ्याच्या पोरांची चामडी सोलता. आपला आला की देवळात बसल्यासारख्या!"

 मला दिसायचं, तिचे हात मांडीवर रुमालाचा पिळा करत असायचे.

एका सकाळी ती माशाचं कालवण घेऊन भिंतीपलीकडे गेली. मर्सिया बाजारात गेली होती. योस्कार एकटाच टेबलाशी बसला होता. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. तो डाव्या हाताने कॉफी पीत होता. डाव्या हाताने केस मागे सारत होता. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"हात वर कर," ती म्हणाली.

"कशाला, माद्रिना?"

"माप घ्यायचंय. कर."

त्याने केला. खांद्यापर्यंत गेला आणि तोंडावरचं रक्त उतरलं.

"किती दिवस झाले?"

"उन्हाळ्यापासून. तिकडच्यांना कळलं म्हणून तर सोडलं त्यांनी." मग तो घाईने बोलायला लागला. "आईला सांगू नकोस. ती मैदानात येऊन मला कानाला धरून नेईल. डिसेंबरात मेक्सिकोच्या संघाचे लोक बघायला येणारेत. तेवढं होऊ दे. आत्ता बसलो तर मला पुन्हा कुणी उठवणार नाही. शपथ घे."

तिने शपथ घेतली. पण आईला न सांगण्याची. मॅनेजरला न सांगण्याची नाही, असा हिशेब तिने मनाशी केला आणि त्याच दुपारी मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी सोबत होतो. मॅनेजर उबाल्दो गाडीतून उतरला, तिला बघून त्याने दोन्ही हात जोडले.

"डोन्या, सकाळपासून माझ्या बायकोने बोलून घेतलंय. तुम्ही संध्याकाळी बोला."

"मस्करी नाही. योस्कारचा हात गेलाय. त्याला टाकू देऊ नका."

"डॉक्टरांनी बघितलाय. तो स्वतः म्हणतो ठणठणीत आहे."

"तो खोटं बोलतोय."

उबाल्दो हसला. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "डोन्या, इतकी वर्षं तुम्ही त्या बाकावरून पंचाला आंधळा म्हणताय, मला झोपाळू म्हणताय. तुमचं ऐकून मी संघ लावला असता तर आज मासे विकत असतो. धर्माचा मुलगा आहे, जीव तुटतो, समजतं मला. पण माझ्याकडे दुसरा कोण आहे?"

तो आत गेला. फाटक लागलं. ती म्हणाली, "आयुष्यभर ओरडले, त्याचं हे फळ. खरं बोलले तरी गंमतच वाटते लोकांना."

पुढचा रविवार. दुपारचा सामना, समुद्राकडून वारा, आणि कधी नव्हे ते आमचे गडी चांगले खेळले. आठव्या डावाअखेर आपण एका धावेने पुढे. नवव्याला उबाल्दोने हात केला आणि योस्कार पळत आला. शिट्ट्या सुरू झाल्या. मर्सिया त्या दिवशी आली होती. खाली, आपल्या संघाच्या बाजूला, डोक्याला रुमाल बांधून बसली होती.

पहिला फलंदाज फुकट बेसवर गेला. दुसराही. प्रत्येक फेकीनंतर योस्कार पाठ फिरवायचा आणि हात झटकायचा. एनेइदा उठून उभी राहिली.

"कोपर बघ त्याचं," ती मला म्हणाली, "खाली येतंय. तुटेल ते."

आणि मग तिने श्वास घेतला. ती ओरड मी विसरणार नाही.

"काढा त्याला! उबाल्दो, काढा त्याला!"

 मग कासिमिरो बाकावर चढला. "ऐकलंत? डोन्यासुद्धा म्हणाली!" आणि जणू कित्येक दिवस याच परवानगीसाठी थांबले होते तसे सगळे तुटून पडले. "काढा! काढा!" ढोल त्याच तालावर वाजू लागले. एनेइदा हातवारे करत काहीतरी सांगत होती, "तसं नाही, तसं नाही रे", पण पहिल्यांदाच त्या मैदानात तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

योस्कारने वर पाहिलं. थेट तिच्याकडे. उबाल्दो बाकावरून उठला होता. योस्कारने त्याला हातानेच 'बसा' अशी खूण केली, वळला, आणि अंगातलं होतं नव्हतं ते सगळं एका फेकीत घातलं.

चेंडू अर्ध्या वाटेतच मातीत गेला. काहीजण हसले. मग दिसलं की तो गुडघ्यांवर आहे, आणि कोपर पोटाशी धरून कपाळ जमिनीला टेकवलंय. ढोलवाल्यांपैकी एकाला उशिरा कळलं. तो एकटाच बराच वेळ वाजवत राहिला.

त्या संध्याकाळी एनेइदा भिंतीशी गेली. मर्सिया अंगणातच होती. मी माझ्या दारातून ऐकलं.

"कोमाय, ऐकून घे माझं."

"गावाने ओरडलं ते मी सोसलं. गावाला मी ओळखते. पण तू, कोमाय? तू?"

एनेइदा भिंतीपासून मागे फिरली. मी नंतर तिला म्हटलं, "सांगत का नाहीस? त्याचा हात वाचवायला ओरडलीस, सांगून टाक की." ती म्हणाली, "आणि काय सांगू? मला माहीत होतं म्हणून? सगळं माहीत असून तिच्या शेजारी बसून मी मटार सोलत होते म्हणून? त्यापेक्षा हे बरं. आत्ता तिला मी नुसती दुष्ट वाटते."

गाविओतासचं म्हणाल, तर ते नंतर सुधारले. नवव्या डावाला एक लांब मानेचा डावखुरा आणला, तो चालला. चौथ्या जागेपर्यंत चढलो आणि शेवटच्या दिवशी हरून बाहेर पडलो. त्यातही लोकांनी समाधान मानलं. आणि श्रेय कुणाला दिलं, तर एनेइदाला. बाजारात तिला थांबवून सांगायचे, "डोन्या, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून संघ वाचला." क्लबने निरोप पाठवला की शेवटच्या घरच्या सामन्याला मैदानात बोलावून तिला खेळाडूंच्या सह्यांची टोपी द्यायची आहे. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि म्हणाली, "बाळा, टोपी नको. मी आता येत नाही." तो समजला, तब्येतीचं काही असेल.

ती खरंच आली नाही. माझ्या उजव्या बाजूची जागा एका जोडप्याने घेतली. सामना चालू असताना ती मशीन चालवायची. रेडिओ आमच्याच घरी लागायचा, तिच्याकडे नाही.

योस्कारच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, पण मेक्सिकोच्या लोकांनी नंतर फोनही उचलला नाही. तो पूर्वेकडे गेला, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात. पाहुण्यांच्या बॅगा उचलायचं काम, तेही डाव्या हाताने. उपासाच्या दिवसांत, ईस्टरच्या आधी, तो घरी आला आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा एनेइदाच्या दारात उभा राहिला.

"माद्रिना, आशीर्वाद दे."

"देव तुझं भलं करो." ती उठली नाही.  "जेवलास?"

तो बसला. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं तू का ओरडलीस. तुझा आवाज मला कळत नाही का? पण तू ओरडलीस म्हणूनच मी टाकला तो चेंडू. तू गप्प बसली असतीस तर कदाचित मीच उबाल्दोला बोलावलं असतं. माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली.

"आईला आज सगळं सांगितलं. तुला ठाऊक होतं, तू मॅनेजरकडे गेली होतीस, मीच शपथ घातली होती. म्हटलं तुमचं दोघींचं तरी नीट होईल."

एनेइदाने मान खाली घातली. पोराने चांगल्या मनाने केलं होतं. ती ताटात भात वाढत राहिली.

त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर गोड घेवड्याची खीर शिजते. दूध, रताळी, मनुका घालून. एका घरची दुसऱ्या घरी वाडग्याने जाते आणि वाडगा रिकामा परत करत नाहीत. त्यात आपल्या घरची घालून देतात. मर्सियाची खीर गावात नावाजलेली. शुक्रवारी सकाळी एनेइदाने आपल्या हातची मोठ्या पांढऱ्या वाडग्यात घातली, वर बिस्किटं लावली आणि मधल्या भिंतीवर नेऊन ठेवली. हाक मारली नाही. पलीकडे मर्सियाच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं, वास दोन्ही अंगणांत भरला होता.

दुपारी वाडगा भिंतीवर परत आला. रिकामा, घासून लख्ख केलेला, उपडा घातलेला. एनेइदाने तो उचलला, आत काही नाही हे एकदा बोट फिरवून पाहिलं आणि फडताळात ठेवून दिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "विसरली असेल." ती म्हणाली, "मर्सिया विसरत नाही," आणि मशीनवर बसून कुणाच्या तरी मुलीच्या गणवेशाची बाही जोडायला लागली.