चिकातलं गंधक

परभणीच्या स्टेशनवरून गावात यायला तेव्हा टांगे होते. कचेऱ्यांवरच्या पाट्या उर्दूतून मराठीत आल्या होत्या, पण लोकांच्या तोंडी अजून अर्जाला दरखास्त आणि मुदतीला मुहलत हेच शब्द. बन्सीधरची सगळी शाळा उर्दूतून झालेली. आम्ल म्हणायच्या आधी त्याच्या जिभेवर तेजाब यायचं. नव्या कॉलेजात तो रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर झाला, तशी पोरं त्याला पाठीमागं तेजाबसर म्हणायला लागली. त्याला ते ऐकू यायचं, आणि खरं तर आवडायचंही.

त्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी कॉलेजातून एकच नाव पुण्याला जायचं होतं. आधी अशी मुलं हैदराबादला जात. आता राज्य बदललं, वाटही बदलली. नाव एकतर बन्सीधरचं, नाहीतर त्याच्याच बरोबरीच्या भुजंगचं. भुजंग सेलूचा, तोंडाळ, पण मनाचा मोकळा. विभागप्रमुख दिनकररावांनी दोघांना सांगितलं, "शनिवारी एकेक प्रयोग करून दाखवा. पुस्तकातला चालेल. पण मी विचारीन त्याचं उत्तर स्वतःचं पाहिजे."

बन्सीधरनं पपईचा चीक घेतला. चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं, त्यानं दूध विरजणावाचून थिजतं. हे एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. त्यातल्या कुणावाचून काम अडतं, हे त्याला दाखवायचं होतं.

"खटल्याच्या घरात कुणावाचून अडतं हे कसं कळंल?" त्यानं भुजंगला विचारलं. "एकेकीला माहेरी धाडून बघायचं. जिच्यामागं चूल पेटत न्हाई, तिच्यावर घर चालतं."

"आन् तुझ्या चिकाला माहेर कुठलं रं?"

"आयोडोॲसिटिक आम्ल. माळेत सिस्टीन नावाचा एक मणी असतो, त्याच्या गंधकावर ते जाऊन बसतं ते कायमचं. मग सिस्टीन असून नसल्यासारखं."

घराच्या परसात पपईचं झाड होतं. बन्सीधर पहाटे उठून बांबूच्या कामटीनं कच्च्या फळांना चिरा पाडायचा आणि ठिबकणारा चीक पितळेच्या वाटीत धरायचा. त्याची आई चतुराबाई ओट्यावरून बघायच्या.

"त्या पपईला काय बोचकारायलास रे बन्या? मांजर हायस का?"

"शिकायलोय, आई."

"शीक बाबा. पर चीक हाताला लागू देऊ नको, फोड येत्येत."

शुक्रवारी दुपारी त्यानं प्रयोगशाळेत तालीम केली. एका नळीत आम्ल घातलेला चीक, दुसरीत नुसता. दोन्हींत कोमट दूध ओतलं. आम्लाच्या नळीतलं दूध थिजलं नाही, ठीकच. पण नुसत्या चिकाचंही थिजलं नाही. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. झाडावरची सगळी फळं चिरून झाली होती, जखमा सुकल्या होत्या. हातात होता तो एवढाच चीक.

"नुसत्या चिकाची नळी दाखवूच नको ना," भुजंग म्हणाला. "आमलाची दाखव, थिजलं न्हाई म्हन. झालं."

"मंग आमलानं अडलं का चीकच मेलेला होता, हे कशावरून?"

"लय शाना हायस. जा मंग टांगा हाकायला."

भुजंग हसत गेला. बन्सीधर वाटी धुवायला उठला आणि थबकला. तळाची कलई पार उडालेली, कडेनं हिरवट कड धरलेली. अशा भांड्यात राहिलेलं ताक कळकतं, हे घराघरातलं पोरही जाणतं. त्याचा चीक कळकला होता! पितळेतलं तांबं चिकात उतरलं होतं आणि बसलं होतं ते गंधकावरच.

तांबं बसलं असेल तर त्याला उठवताही येईल. तांबं गंधकाकडे ओढलं जातं, आणि कोपऱ्यात हायड्रोजन सल्फाइड या गंधकाच्या वायूचं उपकरण होतंच. त्यानं चिकात वायू सोडला. सडक्या अंड्याचा वास वऱ्हांड्यात पसरला, पोरं नाकं धरून पळाली. चिकात काळा गाळ बसला. वरचं पाणी काढून, जादा वायू उडेपर्यंत त्यानं त्यात हवा सोडली. मग दूध. थोड्या वेळानं नळी आडवी केली. दूध हललं नाही. खरवसासारखं घट्ट!

शनिवारी भुजंगचा प्रयोग झाल्यावर बन्सीधरनं दिनकररावांसमोर हाच चीक दोन नळ्यांत घेतला, एकीत आम्ल घातलं. दोन्हींत दूध ओतलं. आम्लाशिवायचं थिजलं, आम्लाचं पातळ राहिलं. आम्लाच्या चिकात पुन्हा वायू सोडून पाहिला, तरी पातळच.

दिनकररावांनी विचारलं, "आम्ल दुसऱ्या एखाद्या अमिनो आम्लावर बसलं नाही कशावरून? आणि वायूचं हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तकात नाही, सर," बन्सीधर म्हणाला. " चीक कळकला होता." आणि त्यानं कलई उडालेल्या वाटीची सगळी हकीगत सांगितली. "तांब्याला गंधकाची ओढ. ते बसलं तेव्हा काम थांबलं, वायूनं ओढून घेतलं तेव्हा परत चालू झालं. आम्ल मात्र उठत नाही. म्हणून मला वाटतं, दोघंही एकाच जागी बसतात. सिस्टीनवरच. तेवढ्यानं पक्कं होत नाही, सर. पण वाटतं."

दिनकररावांनी थिजलेल्या दुधाची नळी स्वतः आडवी करून पाहिली. "हे 'पक्कं होत नाही' पुण्यातसुद्धा असंच म्हणा," ते म्हणाले. "तुमचं नाव पाठवतो."

भुजंगनं पाठीत धपाटा घातला. "जा लेका! कळकला तरी गेलास पुण्याला."

संध्याकाळी बन्सीधरनं आईला सांगितलं. चतुराबाईंनी निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"किती वर्सं?"

"दोन."

"तिथं जेवायचं कसं?"

"बघीन काहीतरी."

"बघीन काय! हात धू अन् बस हितं. भाकरी तरी शिकून जा."

तो परातीपुढं बसला. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली. एरवी त्याच्या प्रत्येक फजितीवर पदर तोंडाला लावून हसणाऱ्या चतुराबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त पीठ पुढं सरकवलं.