आत्याचा भाऊ आणि माझा ऑइलपेंट

यंदाच्या भाऊबीजेला मी चांगलाच तोंडावर आपटलो… आणि तरीही त्या सकाळची आठवण आली की फार बरं वाटतं.

आमचं गाव नांदगावजवळ. तिथे काळ्या दगडाचा एक जुना स्मारक हॉल आहे, लढाईत गेलेल्या गावच्या जवानांचा. आत एका शिळेवर त्यांची नावं कोरलेली आहेत. मी अंबडला कंपनीत असतो, पण दिवाळीला गावी गेलो की माझ्या अंगात समाजसेवा संचारते…

ह्या वेळी मी ती शिळाच रंगवली. स्वतः! काळ्याकुळकुळीत ऑइलपेंटचे तीन हात दिले. अक्षरं पार बुजली, पण म्हटलं, पेंटर येऊन वर सोनेरी रंगात नावं लिहील. पेंटर सासुरवाडीला गेला तो गेलाच… मी मात्र इथे फोटो टाकून तुमच्याकडून कौतुक करवून घेतलं होतं.

भाऊबीजेला सकाळी हॉल उघडतोय, तर सुमनआत्या ताट घेऊन दारात. नात्याची नाही, अख्ख्या गावाची आत्या. तिचा थोरला भाऊ दत्तू एकाहत्तरच्या लढाईत गेला. दर भाऊबीजेला ती इथे येते, त्याच्या नावाला कुंकू लावते, ओवाळते. मी त्या दिवशी एरवी बहिणीकडे नाशिकला असतो, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं!

आत्याला वाचता येत नाही. बोटांनी चाचपून ती नाव ओळखते. शिळेवरून तिचा हात फिरला… परत फिरला. "कुठं गेला रं माझा दत्तू?"

मी कसंबसं म्हटलं, "आत्या, यंदा चंद्राला ओवाळ ना…" भाऊ जवळ नसला की बायका तसंच करतात. पण ती कसली ऐकते! "चंद्राला कशाला? माझा भाऊ इथं हाय."

मग काय… थिनर, चिंध्या आणि स्क्रू ड्रायव्हर आणून बसलो. नाव कितव्या ओळीत आहे ते मला कुठे ठाऊक? आत्याही दर वर्षी वरूनच चाचपत येते, म्हणून मीही वरूनच सुरुवात केली. एकेक अक्षर खरवडताना आयुष्यात पहिल्यांदा ती सगळी नावं नीट वाचली. आत्या प्रत्येक नाव चाचपायची आणि हुकूम सोडायची, "ह्यो नाय… पुढं चल."

सातव्या नावावर तिचं बोट थांबलं. पहिल्याच अक्षराच्या शेपटीवरून ते दोनदा फिरलं… द. दत्तू! तिने कुंकू लावलं, ओवाळलं, दगडाला करंजीचा घास लावला आणि खुदकन हसली. मला मात्र रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाली, "बस. त्याच्यासाठी लय राबलास, तुलाबी ओवाळते." ओवाळणी घालायला मी पाकीट काढलं, तर तिने माझा हातच धरला. "ते ऱ्हाऊ दे. एवढंच कर… परत त्याला रंग लावू नको."

दिला शब्द. इतक्या मनापासून ओवाळणी मी आजवर कुणालाच घातली नव्हती… थँक्यू, आत्या.